मर्टलमावशींचं बेकायदेशीर उंच घर

वॉम्बरी गावाखालचा कोळसा काढताना जमीन किती खचते, यावर लक्ष ठेवण्यासाठी खाणीने एक निरीक्षण विभाग स्थापन केला. मोजायचं तर एक न हलणारी जागा लागते. तिच्यापासून बाकी सगळं किती वर किंवा खाली, एवढंच बघायचं. नियमाप्रमाणे अशी संदर्भखुंटी खाणीपासून लांब, टेकडीवर हवी. पण टेकडीवर बिअर मिळत नाही. शिवाय आमच्या बोलिंग क्लबची हिरवळ गावात सर्वांत सपाट. तिच्यावर आम्ही गोळे घरंगळवतो, आणि टाचांचे बूट घालून तिच्यावर पाय ठेवणाऱ्याला माणसांत धरत नाही. खुंटी तिथेच ठोकली. क्लबचा चिटणीस या नात्याने पहिला घाव मीच घातला.

कोळसा निघत गेला तसा क्लब खचला आणि त्याच्याबरोबर गावही खचलं. मोजणीत फरक शून्य. चर्चची भिंत भेगाळली, दारं लागेनाशी झाली, टाकलेला गोळा वळून पायाशी यायला लागला. शून्य खचल्याबद्दल विभागाचा सत्कारही झाला.

घोटाळा एकाच घराने केला. मर्टलमावशींच्या घराखाली खाणीने कोळशाचा जाड खांब तसाच सोडला होता, त्यामुळे ते जागचं हललं नाही. मोजणीत ते दीड मीटर वर गेलेलं आढळलं.

खाणीचा अभियंता डॅरिल आणि मी त्यांच्याकडे गेलो.

"मावशी, तुमचं घर परवानगीशिवाय वर चाललंय," डॅरिल म्हणाला.

"काहीतरीच काय! तुमचा क्लबच खाली गेलाय. पूर्वी ओट्यापाशी उभं राहिलं की त्याची भिंत दिसायची. आता छपरावरचा कचरा दिसतो."

"क्लब खाली जाऊच शकत नाही. खुंटी तिथे आहे."

मावशींनी पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. डॅरिलने खेदाने मान हलवली.

"पाणसळही घराबरोबरच वर आलीय, मावशी. तिची साक्ष कशी धरायची?"

"हे बघ, हे घर मी आणि माझ्या नवऱ्याने, बर्टने, आमच्या हातांनी बांधलं. बर्ट याच खोलीत गेला. मी हलायची नाही, आणि घरही हलणार नाही."

मला फार वाईट वाटलं. पण संध्याकाळी क्लबात सभा भरली आणि तिथे वाईट वाटणारा मी एकटाच निघालो.

"आमची दारं तासून तासून पार झिजली, आणि हिची आपली सहज लागतात!" शेजारीण थेल्मा कडाडली. "भेगा हिच्यामुळेच पडल्या. हिचं घर वर जाताना आमच्या भिंती ओढतंय!"

सपाटीकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला; चिटणिसाचा हात खाली राहणं बरं दिसत नाही. लोकाग्रहास्तव खाणीने मावशींच्या घराखालचा तो खांबही काढला.

मावशी किटली घेऊन अंगणात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत घर हळूहळू गुडघ्यांवर बसलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या आता मुलीकडे राहतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला.

"काय रे, आता तरी लागतात का तुमची दारं?"

नाही लागत. पण आता कोणाचंच दार लागत नाही, त्यामुळे गावात पूर्ण समाधान आहे.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्या गल्लीतही एखादं घर अजून सरळ उभं असेलच. त्याच्याविरुद्धच्या अर्जावर तुमची सही झाली, की व्हायचीय?