मालकांचा हात

पलीकडच्या चौकातला दुकानदार शिलाई मशीनचा पट्टा मागायला आला आणि पट्टा न घेताच अर्धा तास बसला. त्याची नजर मिस्त्रीच्या बोटांवर होती. जाताना त्यानं सहज विचारलं, "मिस्त्री सुट्टी कधी घेतात?"

हा मिस्त्रीला आपल्या दुकानात ओढायला बघतोय, हे मालकांनी ओळखलं. मशीन दुरुस्तीचं दुकान त्यांचं, पण ते चालायचं मिस्त्रीच्या हातांवर. मालकांचे हात पाच वर्षांपासून थरथरत होते. सुईत दोरा ओवायचा तरी बायकोला हाक मारावी लागे. मिस्त्री गेला की दुकानाला कुलूपच.

बायको म्हणाली, माणूस टिकवायचा तर त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोला. मालकांना हे पटलं नाही. मालाची वाहवा केली की गिऱ्हाईक वाढतं, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम चौकात गेले आणि बोलता बोलता सांगून आले, की मिस्त्री एक स्क्रू लावतो नि दोन हरवतो. दया म्हणून ठेवलाय, झालं.

चौकात टाकलेला शब्द तिथंच थोडाच थांबतो? आठ दिवसांत शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या आणि ते मिस्त्रीपुढं ठेवेनात. "भाऊ, तुम्ही स्वतः हात लावा. याच्याकडं नको." गणवेश शिवणाऱ्यानंही तेच सांगितलं. तिसरा तर मिस्त्रीला बघून दारातूनच वळला.

मग मालकांनी दुकानात मधोमध पडदा टांगला. तुझ्या डोळ्यांवर ऊन येतं, असं मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीनं उत्तरेकडच्या दाराकडं एकदा बघितलं आणि मान डोलावली. त्याच्या कानावर सगळं आलं होतं, पण काम करताना तो स्क्रू ओठांत धरायचा, त्यामुळं बोलणं होत नसे.

मालक मशीन पडद्याआड न्यायचे, मिस्त्री ते नीट करायचा, आणि मालक कपाळ पुसत बाहेर यायचे. शिंपीणबाईंनी टाका निरखून बघितला. "बघा, हाताहातात फरक असतो," त्या म्हणाल्या.

महिन्यानं पलीकडचा दुकानदार पुन्हा आला. या खेपेला त्यानं मिस्त्रीचा विषयही काढला नाही. "भाऊ, या वयात असला हात! तुम्हीच माझ्याकडं या. गादीची खुर्ची देतो, मान देतो. ते दया-बिया राहू द्या आता."

मालकांनी हात मांडीखाली दाबून धरले. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कित्येक वर्षांत त्यांना असं कुणी बोलावलं नव्हतं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले.

दुकानदार गेला. पडदा सारून मिस्त्री बाहेर आला.

"जाऊ नका मालक," तो म्हणाला. "हवं तर मी आत्ता चौकात जातो आणि तुमच्याविषयी काहीबाही सांगून येतो. मग तुम्हाला कुणी नेणार नाही."

मालक हळूच म्हणाले, "काय सांगशील?"

"खरं तेवढंच," मिस्त्री म्हणाला आणि चपला घालायला लागला.