पिसू मृत ठरवण्याची पद्धत

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. (मिटलेल्या डोळ्यांनी पुढचे वाचता येणार नाही, तेव्हा उघडा.) एका सरकारी खोलीत, दाराजवळच्या बाकावर तुम्ही बसला आहात. तुम्ही काही करायचे नाही. फक्त बघायचे.

एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की शत्रूला त्याची सवय होते, हे एक गंभीर सत्य आहे. कुत्र्याच्या अंगावर औषध टाकले की लेच्यापेच्या पिसवा मरतात, चिवट तेवढ्या उरतात. त्यांची प्रजा आणखी चिवट निघते. शेवटी अशी वेळ येते की पिसवा त्याच औषधाने आंघोळ करून ताज्यातवान्या होतात. ही वेळ आली की नाही, यावर लक्ष ठेवणारे हे कार्यालय. ते इतके दक्ष आहे की नऊ वर्षांत एकही निष्कर्ष त्याच्या हातून निसटलेला नाही.

पद्धत सोपी आहे. काचेच्या नळीत औषध लावलेला कागद घालायचा, त्यात शंभर पिसवा सोडायच्या आणि बूच लावायचे. चोवीस तासांनी मोजायच्या. जी हलत नाही, तिला कुंचल्याने तीनदा स्पर्श करायचा. तरी ढिम्म, तर ती मृत. (दोन स्पर्शांत कोणालाही मृत धरू नये, असे परिपत्रक आहे.)

ताजी आकडेवारी अशी: मृत शून्य, जिवंत शून्य, निर्णय प्रलंबित शंभर. कारण ‘जिवंत’ लिहिले की औषध निकामी ठरते, निकामी ठरले की बदलावे लागते आणि बदलायचे तर साहेबांना सही करावी लागते. सहीच्या बाबतीत साहेब फार हळवे होते. प्रलंबित पिसवांना मात्र कोंडून ठेवणे अन्यायाचे, म्हणून बूच काढून त्यांना सन्मानाने मोकळे करत. त्यामुळे कार्यालयात सगळे एका हाताने काम करत. दुसरा हात खाजवण्यात गुंतलेला असे.

त्या शंभर पिसवा ज्याच्या, तो झिपऱ्या कुत्रा घेऊन भिंगरी आत आली. वय वर्षे आठ. तिची आत्या इथेच पिसवा मोजायला होती.

“आत्या, याच्या शेपटीपाशी बघ, एक केस उरला नाही. रक्त येतंय गं! डॉक्टरकाका म्हणतात, अहवाल आल्याशिवाय दुसरं औषध देता येत नाही.”

“अगं भिंगरे, मी कधीच मोजल्यात. शंभरच्या शंभर टुणटुणीत! पण सही नको का?”

“मग साहेबांना सांग ना.”

“सांगितलं. ते विचार करतायत.”

साहेब खुर्चीत विचार करत होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडे. तीन पिसवा त्यांच्या टकलावर कवायत करत होत्या. भिंगरीने टेबलावरचा कुंचला उचलला. साहेबांच्या नाकाला एकदा लावला. दोनदा. तीनदा.

साहेब ढिम्म.

“आत्या, तीनदा झालं. मृत लिहू?”

आत्याने परिपत्रक वाचले, पुन्हा वाचले. “नियमात तर बसतंय गं.”

वहीत नोंद झाली: मृत एक. साहेबांच्या पश्चात सहीचा अधिकार ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडे जातो. ज्येष्ठ कर्मचारी म्हणजे आत्या. आत्याने ‘जिवंत शंभर’ लिहिले, झोकात सही ठोकली आणि शिक्का मारला. झिपऱ्याने शेपूट हलवली.

शिक्क्याच्या आवाजाने साहेब दचकून उठले. “हे काय चाललंय? मी जिवंत आहे!”

“असाल हो साहेब,” आत्या अदबीने म्हणाली, “पण त्यावर निर्णय प्रलंबित आहे.”

अहवाल काखेत मारून भिंगरी दाराकडे निघाली आणि बाकापाशी थबकली. बाकावर तुम्ही. कुत्रा कण्हत होता तेव्हाही तुम्ही तिथेच होतात, सही होत नव्हती तेव्हाही तिथेच, शांत, मजा बघत.

तिने तुम्हाला नीट न्याहाळले. मग कुंचला तुमच्या नाकाला लावला. एकदा. दोनदा. आणि आत्याला हाक मारून म्हणाली, “वही मिटू नकोस गं!”