औषधवाल्याची आतली खोली

चष्मेवाले मुळातच संशयी, त्यात धंद्याने त्या स्वभावाला खतपाणीच घातलं होतं. डोळे तपासायला आलेली माणसं बाकावर बसल्या बसल्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करतात आणि मग धडाधड म्हणून दाखवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ते ऐन वेळी दुसराच तक्ता लावायचे. अशा माणसाला एका दुपारी स्वतःची बायको समोरच्या औषधांच्या दुकानात शिरताना दिसली. बरं, शिरली तर शिरली, ती औषध घेऊन बाहेर आली नाही. औषधवाल्याने गल्ल्यामागचं दार उघडलं, ती आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं. झालं, चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू जमिनीवर पडला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

ही आतली खोली अलीकडचीच. जुना औषधवाला दुकान विकून गेला आणि त्याच्या जागी हा आला. वयाने लहान, लग्न न झालेला, अंगात कायम कडक इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या त्याने कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घातली, धुरकट काचेचं दार बसवलं आणि त्यावर ‘सल्ला’ अशी पाटी लावली. सल्ला कसला, ते मात्र लिहिलं नव्हतं.

बायको बऱ्याच वेळाने बाहेर आली ती हसत. औषधांच्या दुकानातून हसत बाहेर पडलेलं माणूस चष्मेवाल्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुठे गेली होतीस. ती म्हणाली, भाजीला. भाजी खरोखरच आणलेली होती, आणि त्यामुळे तर त्यांचा संशय आणखीनच वाढला. नुसतं खोटं बोलणारा परवडतो, पण सोबत पुरावा घेऊन येणाऱ्याचं काय करायचं?

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यावेळी यांच्या दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या किल्लीवाल्याच्याही ते नजरेला आलं. त्याने आपलं धीर द्यायला म्हणून सांगितलं, "मनाला लावून घेऊ नका हो. वहिनी एकट्याच नाहीत, गल्लीतल्या बऱ्याच जणी जातात आत." त्या दिवशी चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याच गिऱ्हाईकाचा चष्मा दिला.

मग घराची झडती सुरू झाली. तिची पर्स पाहिली, कपाट पाहिलं, गाद्या उचलून पाहिल्या. औषधाच्या डब्यात तर खोकल्याच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. त्या मात्र ढीगभर होत्या. घरात कुणाला खोकला नव्हता. धाकटी मुलगी झाल्यावर "आता ती काळजी माझी, मी आणत जाईन" असं चष्मेवाल्यांनी बायकोला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. पण ते औषधांच्या दुकानात गेले की कुणीतरी ओळखीचं तिथे उभं असायचंच, आणि यांच्या तोंडून खोकल्याच्या गोळ्याच निघायच्या. असं बरेच महिने चाललं, मग तो विषयच बंद पडला. का बंद पडला, असा संशय काही या संशयी माणसाला आला नाही.

शेवटी त्यांनी औषधवाल्यालाच गाठलं. तो नम्र होता, पण जागचा हलेना. आत झालेलं बोलणं आपण बाहेर सांगत नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा नाही, आणि सांगितलं तर उद्यापासून कोण येईल, असं त्याचं म्हणणं. चष्मेवाले परत आपल्या खुर्चीत येऊन बसले, आणि तिथे त्यांच्या डोक्यात वेगळंच काही आलं. एवढी गुप्तता कशाची पाळतात? मोठ्या दुखण्याची. बायको घरी सांगत नाही, कारण तिला घर घाबरवायचं नाही. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती येऊन बसली.

त्या दिवसापासून ते घरात भलतेच गोड वागू लागले. भांडी घासली, मुलींच्या वेण्या घातल्या, बायकोला पाण्याचा पेला उचलू देईनात. तिने भात जरा कमी घेतला की हे आपल्या ताटातला तिला वाढायचे. बायको हे सगळं पाहत होती. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या हातात ओलं ताट तिने पाहिलेलं नव्हतं, तेव्हा आता संशय घ्यायची पाळी तिची होती.

चष्मेवाल्यांनी एक दिवस मनाचा हिय्या केला आणि रस्ता ओलांडला. "मलाही आत बसायचंय," ते म्हणाले. "बायको ज्यासाठी येते, त्याचसाठी."

औषधवाल्याचा चेहरा उजळला. त्याने त्यांना मानाने आत नेलं, दार लावलं, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. तो अर्थातच चढलेला होता. मग मुलं किती ते विचारलं.

"दोन मुली," चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. "धाकटी अजून आईशिवाय झोपत नाही."

"मग आता आणखी नको, हे तुमचं ठरलंय ना?"

चष्मेवाले बघतच राहिले. औषधवाल्याने खण उघडून निरोधचे डबे मांडले आणि कुठला कसा वापरायचा ते न लाजता समजावून सांगितलं. पाळणा लांबवायच्या गोळ्यांसाठी आता डॉक्टरकडे खेटे घालावे लागत नाहीत म्हणून बायका सरळ इथे येतात, पण स्वतःसाठी काही मागायला आलेले पहिले पुरुष तुम्हीच, असं कौतुकही केलं. चष्मेवाल्यांना हळूहळू उमगलं. बायको मरत नव्हती. कुणाबरोबर जातही नव्हती. ती फक्त गोळ्या घेत होती. त्या आनंदात त्यांनी सगळ्यात मोठा डबा उचलला आणि हसत हसत बाहेर आले. किल्लीवाला पायरीवरून उठून उभा राहिला.

घरी बायकोने जेवणाचा डबा काढायला पिशवी उघडली आणि हा डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे कुणासाठी?"

"आपल्यासाठी."

"मी गोळ्या घेते. म्हणजे हे घरासाठी नाही." तिचा आवाज अगदी शांत होता, आणि चष्मेवाल्यांना त्याचीच धास्ती वाटली. "भांडी काय घासता, वेण्या काय घालता. कोण आहे ती?"

खरं सांगावं तर पाळत ठेवली हे कबूल करावं लागणार, आणि न सांगावं तर संसारच जातो. चष्मेवाले खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काचेतून पाहिलेलं, गाद्या उचललेल्या, आधी आलेला तो संशय आणि मागाहून आलेली ती भीती. गोळ्यांचं तू बोलली का नाहीस, असंही ते जाता जाता म्हणाले. तुम्ही कधी विचारलंत, असं तिने उलट सुनावलं.

"माझं? आणि त्या पोराशी?" बायकोने कपाळावरचे केस मागे सारले. ती रागावली होती, पण म्हणावी तेवढी नाही. "बरं, आणि यातलं एक काहीतरी खरं निघणारच असतं तर? तुम्हाला कुठलं चाललं असतं?"

"पहिलं," चष्मेवाले लगेच म्हणाले. "निदान तू असतीस तरी."

बायकोने कोरडं ताट पुन्हा एकदा पुसलं, जागेवर ठेवलं, आणि मग टेबलावरचा डबा उचलून नवऱ्याच्या कपाटात नेऊन ठेवला. गोळ्यांनी हल्ली आपलं डोकं चढतं, औषधवालाही थोडे दिवस थांबा म्हणाला आहे, तेव्हा हेच बरं, असं तिने आतूनच सांगितलं.

"आणि हे संपलं की तुम्हीच जाऊन आणायचं," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या खोलीत नाही, चारचौघांत गल्ल्यावर, नाव घेऊन मागायचं. समोरच तर आहे."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. समोरचं दुकान त्यांना इतकं लांब कधीच वाटलं नव्हतं.