विमानाच्या शाळेचं स्थळ

आमचे धाकटे दीर विमानाची शाळा बघायला निघाले की डोक्याला फेटा बांधायचे. पांढरं धोतर, कोट, कोटाच्या खिशात सुपारी. आष्ट्याच्या स्टँडवर कुणी विचारलं, "हवालदार, कुठं?" तर सांगायचे, "स्थळ बघायला." लोकांना वाटायचं, सुमनला नवरा बघतायत. जायचे सुमनसाठीच, पण नवरा बघायला नव्हे.

सुमन त्यांची एकुलती एक. तिची आई लवकर गेली. भाऊजी तेव्हा लष्करात ट्रक चालवायचे, म्हणून पोर माझ्याजवळ वाढली. एका वर्षी उसावर कीड पडली आणि औषध मारायला विमान आलं. ते डोक्यावरनं इतकं खालनं गेलं की बायका खुरपी टाकून पळाल्या. मीही पळाले. सुमन उलटी विमानाच्या मागं धावली. घरी आली ती औषधाच्या वासानं भरलेली, आणि म्हणाली, "काकी, मला हे चालवायचंय." सांगलीच्या कॉलेजात सायन्सला होती, म्हणजे खुळी नव्हती. मला वाटलं, चार दिवसांत डोक्यातनं जाईल. गेलं नाही.

भाऊजींनी हिशोब सरळ केला. लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, ते एकदाच खर्च होणार. लग्नावर करायचे का विमानावर, ते पोरीनं सांगावं. पोरीनं सांगितलं. "मग स्थळासारखंच बघायचं," भाऊजी म्हणाले. "मामला चोख पायजे." हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ कमी पडलं तरी मामला चोख नसायचा.

विमान शिकवणाऱ्या पहिल्या क्लबात कारकुनानं उडायच्या तासाचा दर सांगितला. भाऊजींनी विचारलं, तास कुठनं मोजता? आमच्याकडं ट्रॅक्टरवाला बांधावर बिडी ओढत बसतो, तेवढाही वेळ तासात धरतो. कारकून हसत सुटला, पण मग त्यानं सांगितलं, इंजिन सुरू झालं की तास सुरू. म्हणजे धावपट्टीवर थांबलं तरी पैसे. भाऊजींनी ते मनात ठेवलं. मग म्हणाले, शिकवणाऱ्या मास्तरांना भेटवा. मास्तरांना गाव विचारलं, जेवण वेळेवर होतं का ते विचारलं, आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मास्तर तरणा, काळ्या चष्म्याचा, बिनलग्नाचा. भाऊजी घरी आले, फेटा खुंटीला लावला आणि म्हणाले, "न्हाई जमत." मला ते बरोबरच वाटलं. तरणी पोर, तरणा मास्तर.

दुसरा क्लब लांब होता, पण स्वस्त. मास्तर पन्नाशीचे, माणूस सज्जन. फक्त त्यांची बायको कित्येक वर्षं माहेरी होती आणि मूलबाळ नव्हतं. पुन्हा "न्हाई जमत." मी म्हटलं, त्यांच्या बायकोशी आपल्याला काय करायचंय? भाऊजी भाकरी कुस्करत राहिले.

तोवर गावात तोंडं सुटली. हवालदाराला पोर घरातच ठेवायची आहे, फेटा नुसता दाखवायला. माझ्या भावानं मलकापूरकडचं एक खरं स्थळ आणलं. मुलगा कारखान्यात कारकून, घरचा ऊस. त्यांना दिवाळीच्या आत उत्तर पाहिजे होतं. शाळा त्याच्या आत ठरली नसती तर ते पैसे मांडवातच गेले असते. बापानं फेटा काढला की सुमन उठून गोठ्यात जायची.

मला ते बघवेना. एका दुपारी मी सरळ विचारलं, "भाऊजी, पोरीला धाडायचं नसंल तर तसं सांगा. येष्टीचं भाडं कशाला घालवताय?"

त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "वैनी, मी डोंगरात गाडी चालवलीया. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. ज्याच्या घरात पोरंबाळं हायती, तो डायवर वळणावर गाडी हळू घेतो. ज्याची कुणी वाट बघत न्हाई, त्याच्या गाडीत मी कवा बसलो न्हाई. आता सुमन मास्तरच्या शेजारी बसून उडणार. तिला खाली आणायची त्यानं."

"आन तुमची बायको गेल्यावर?" मी विचारलं. "तवा तुमची गाडी कोण हळू घ्यायला लावत हुतं?"

"सुमन हुती की तुमच्याजवळ."

मी उठले आणि चुलीत उगीच लाकडं सारली.

तिसऱ्या क्लबातल्या मास्तरांना तीन मुली होत्या. भाऊजी बसले होते तेवढ्यात धाकटी डबा घेऊन आली आणि काल डब्यातली भाजी तशीच परत का आणली म्हणून बापाला सर्वांदेखत रागावली. तास दुसऱ्या क्लबापेक्षा महाग होता. पण भाऊजींनी वरचे पैसे भागावेत म्हणून मळ्यात खोली बांधायचा बेत तिथल्या तिथं मोडला, खिशातली सुपारी काढली आणि मास्तरांसमोर ठेवली. आमच्यात सुपारी झाली की सोयरीक पक्की. मास्तरांनी ती खाल्ली.

जायचा दिवस आला तसे भाऊजी माझ्याकडं आले. नवी नवरी सासरी निघाली की घरातली एखादी बाई पाठराखीण म्हणून चार दिवस सोबत जाते. तशी तुम्ही जाल का, म्हणाले. मला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी घेरी येते. मी म्हटलं, तुमची पोर, तुम्हीच पाठराखीण व्हा. मिशीवाली पाठराखीण म्हणून सुमन पोट धरून हसली.

ते गेले. सुमनला वसतिगृहात सोडलं, तिला सांगितलं की रातच्या गाडीनं गावी चाललो, आणि आले मात्र नाहीत. आले ते पाण्यावाचून ऊस वाळायला लागल्यावर, रापलेले आणि निम्मे झालेले.

मी वाढता वाढता विचारलं, इतके दिवस कुठं होता? धर्मशाळेत, म्हणाले. रोज सकाळी क्लबाच्या तारेबाहेर जाऊन उभं राहायचं. सुमनला कळू दिलं नाही. पोरीला लाज वाटेल.

"दिसायची का वो वर?"

"कुठली दिसतीया. चार-पाच इमानं उडायची, सगळी सारखीच. सुमन कशात हाय ते खालनं कळत न्हाई, वैनी."

"मग?"

"मग काय. सगळी खाली येस्तवर उभा ऱ्हायचो."