मन्मथअप्पांची चौथी कड

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यापर्यंत मन्मथअप्पांचा हात पोचतो, आणि तो थेट कमरेच्या पट्ट्यावर. नाव-गाव नंतर. आधी पट्ट्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून निकाल द्यायचा, "कड उघडी हाय." पाहुणा बिचारा घाबरून आधी पँटची चेन तपासतो.

चामडं कापलं की त्याची कड कच्ची राहते, तंतू उभे राहतात, हळूहळू थर सुटायला लागतात. तुम्ही-आम्ही पट्टा घेताना बक्कल बघतो, फार तर भोकं मोजतो. अप्पा फक्त कड बघतात. एस.टी.त कंडक्टर म्हणून त्यांचा जन्म गेला, गाव जवळचंच मुरुड, आणि लातुरात माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी मुलींची खाणावळ चालवते. किनवट, हिमायतनगर, कुठून कुठून मुली क्लासला येतात, त्यांच्या भाकरी मी थापते आणि त्यांच्या पर्सेस अप्पा पळवतात.

पळवतात म्हणजे परत देतात, पण त्यांच्या मर्जीने. आधी कड पॉलिश पेपरने घासायची. मग डिंकाचं पाणी लावून लाकडी गुटक्याने चोळत बसायचं. मग काडीने रंग. तो वाळला की पुन्हा घासायचं, पुन्हा रंग. शेवटी वस्तू उचलून खालच्या ओठावरून फिरवायची, कारण "बोटाला घट्टे पडत्यात ताई, व्हट खोटं बोलत न्हाई." नव्या आलेल्या मुलीने आपली पर्स शेजारच्या म्हाताऱ्याच्या ओठाला लागलेली पाहिली की ती त्या दिवशी जेवत नाही. आठवडाभराने घड्याळाचा पट्टा स्वतःच नेऊन देते. पैसे अप्पा घेत नाहीत, आणि विचारले तर पुढचे दोन दिवस बोलतही नाहीत.

मध्येच घाई केलेली त्यांना अजिबात खपत नाही. "अप्पा, झालं का?" म्हटलं की एकच उत्तर, "सूखने दो भाई, सूखने दो." बाकी माणूस अस्सल मुरुडचा, 'हाय-न्हाई'शिवाय बोलणार नाही. हे एवढंच वाक्य उर्दूत. मुलीलासुद्धा भाई. निकाल लागायचा असो, माझं नवऱ्याशी वाजलेलं असो, अप्पांचा सल्ला तोच. मला वाटायचं, उदगीर गाडीवर कोणा प्रवाशाकडून उचललं असेल.

एकदा एका क्लासचे सर माझी खाणावळ बघायला आले. शहरातल्या प्रत्येक चौकात ज्यांचा फोटो आहे असे सर. अप्पांनी त्यांचा पट्टा काढून घेतला आणि रंग लावून माझ्या दोरीवर वाळत टाकला. सर एका हाताने पँट धरून उभे. "बॅच बसलीय" म्हणून बोलावणं आलं. अप्पा मान वर न करता म्हणाले, "अजून एक हात बाकी हाय. सूखने दो." सरांनी डाव्या हाताने पँट सावरत उजव्या हाताने दोन वाट्या आमटी संपवली. माझ्या हाताला चव आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं.

गल्लीत सगळ्यांनी घरावर मजले चढवले. जिथे वाळवणं घालायचो तिथे आता मुलींच्या खोल्या आहेत. अप्पांच्या घराला वर पत्रासुद्धा नवा नाही. आम्ही समजावलं, मुलाने पुण्याहून समजावलं. "न्हाई बांधत. माझं घर हाय," एवढंच. स्वतः बारा महिने अंगणात बाजेवर झोपतात. भूकंपानंतर आम्ही सगळेच बाहेर झोपायचो, पण थंडी संपली तसे आत गेलो. अप्पा गेले नाहीत. हट्टी माणूस, आम्ही सोडून दिलं.

आणि या माणसाची स्वतःची बॅग बघाल तर थक्क व्हाल. कंडक्टरची ती चामडी बॅग, गल्ल्याची. तिच्या झाकणाच्या तीन कडा पिकल्या जांभळासारख्या, चौथी पार उघडी, तंतू पिंजारलेले. मी एकदा टोचून म्हणाले, "जगाच्या कडा रंगवता, घरची राहिली की." अप्पा उठून आत गेले. ते घरात गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

अप्पा रिटायर झाले आणि बॅगेवरून ठिणगी पडली. बिल्ला, चिमटा, तिकिटांची पेटी, सगळं त्यांनी डेपोत जमा केलं. बॅग म्हणाले देत नाही. निरोप आले, साहेबांनी चहा पाजून सांगितलं, मग चहा न पाजता सांगितलं. बॅगेशिवाय सेवा संपल्याचा कागद निघणार नव्हता. "नका काढू," अप्पा म्हणाले, "मग मी अजून नोकरीतच हाय."

तरी माणूस मनातून हादरला होता. चामडं आणून त्यांनी हुबेहूब तशीच नवी बॅग शिवायला घेतली. ती झाली तेव्हा मला म्हणाले, "चला ताई. मी भांडतो, तुम्ही बोला."

डेपोतला स्टोअरचा माणूस तरुण होता, तिरसट नव्हता. त्याने नव्या बॅगेवर हात फिरवला. "अप्पा, ही घेऊन काय करू? नंबर जुनीवर ठोकलाय. आता तिकिटाचं मशीन आलंय, जुनी तरी कोण वापरणार? पण निकामी असल्याशिवाय मला सोडता येत नाही. दाखवा."

अप्पांनी काखेतली जुनी बॅग टेबलावर ठेवली, पण पट्टा सोडला नाही. त्याने ती उलटसुलट पाहिली. "एवढी जपलेली निकामी कशी लिहू? ही एक बाजू तेवढी..." म्हणत त्याने लोंबणारे तंतू कापायला ब्लेड उचललं. अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका," ते म्हणाले.  मग मनगट न सोडताच माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"किल्लारीच्या बाजूला मुक्कामी गाडी व्हती माझी. तितला इस्माईलचाचा घोड्याची जीनं शिवायचा, बैलाचे पट्टे करायचा. मुक्कामाला गेलो की त्याच्या दारात बसून बघायचं. तितंच शिकलो सगळं. त्या दिशी ही बॅग घेतली त्यानं. तीन कडा झाल्या. मी म्हणलं, एवढी एक करून टाक की. म्हणला, सूखने दो भाई, सूखने दो. चौथी सुबह करेंगे. गाडीच्या शिडीला अडकव म्हणला, हवा लागंल."

स्टोअरच्या माणसाने ब्लेड खाली ठेवलं.

"आमी टपावर झोपलो व्हतो, मी आन् डायवर. म्हणून ऱ्हायलो. उजाडल्यावर त्याची गल्ली कुठली, ती वळखू आली न्हाई. बॅग शिडीला तशीच. वाळली व्हती."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी या माणसाच्या बाजेवरून, पत्र्यावरून खाणावळीत मुलींना हसवत होते.

स्टोअरच्या माणसाने कागद ओढला, थोडा विचार केला आणि लिहिलं ते मोठ्याने वाचलं, "एक कड अपूर्ण. वापरास अयोग्य." खाली सही केली. अप्पांनी बॅग काखेत मारली आणि नवी टेबलावर तशीच ठेवली. "ती ऱ्हाऊ द्या. कड बघा तिची," एवढं मात्र जाता जाता म्हणाले.

आम्ही घरी आलो. दारात मी म्हणाले, "अप्पा, पण असे थर सुटत गेले तर बॅग राहायची नाही. आता तुमचीच झाली ती. एक हात फिरवा की डिंकाचा."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "कामाला लई पक्का व्हता त्यो. सकाळी करतो म्हणलाय, ते काम मी कशाला वढून घेऊ?"

मग त्यांनी बॅग माझ्याच दोरीवर, मुलींच्या पट्ट्यांच्या शेजारी, हवेला अडकवली आणि माझ्या चपलेचा अंगठा वाकून बघायला लागले.