पिवळ्या झबल्याचा गुण

चौथ्या दिवशीही निखिलला शी झाली नाही, तेव्हा सुधानं वहीत लाल पेनानं फुली मारली. वही खास त्यासाठीच होती. दीड वर्षाच्या मुलाच्या शीची इतकी व्यवस्थित नोंद अख्ख्या डिंडोलीत कुणाकडे नसेल. पण सुधा बी.एस्सी. होती आणि तिची प्रयोगवही लिहायची सवय सुटली नव्हती. एरंडेल झालं, मनुकांचं पाणी झालं, विड्याच्या पानाचा देठही झाला. निखिल गोबऱ्या गालांनी हसत बसायचा आणि तसाच उठायचा. ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी तिनं नवऱ्याला, मुकुंदला ताकीद दिली होती.

त्याच आठवड्यात तिनं निखिलचे लहान झालेले कपडे विकायला काढले. केबलवर दुपारच्या सिनेमाखाली जाहिरातींची पट्टी सरकायची, तिच्यात मुकुंदनं मजकूर दिला. तो कापड मार्केटजवळच्या बँकेत होता. अटीशिवाय कागद त्याला उघडा वाटायचा. म्हणून मार्केटच्या बिलांवरची ओळ त्यानं शेवटी चिकटवली : ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा.’

मागच्या गल्लीतल्या सरलाबाई आल्या. मुलगा योगेंद्र कापडाच्या लूमवर कामाला, सून योगिता नुकतीच बाळंत झालेली. त्यांनी कपडे जेमतेम पाहिले आणि निखिलला मात्र उलटसुलट करून पाहिलं. बाळाला पहिलं झबलं धडधाकट पोराचं, वापरलेलं घालायचं, म्हणजे त्या पोराचा गुण लागतो, असं त्यांचं म्हणणं.

“जेवस ना बराबर?” त्यांनी निखिलचा गाल ओढत विचारलं.

“जेवतो की,” सुधा म्हणाली. ते खरंच होतं. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं. पिवळं झबलं, टोपडं आणि दुपटं घेऊन सरलाबाई गेल्या.

पाचव्या दिवशी त्या गाठोडं घेऊन दारात हजर.

“ताई, हाई आंगडं परत ल्या. घालं तधपासून चार दिवस व्हई ग्यात, पोऱ्याले शी नही. तुमना पोऱ्याना गुन लागी गया.”

सुधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कपड्यातून असलं काही लागत नसतं, हे तिनं शास्त्रीय कारणांसह समजावलं. सरलाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंग तुमना पोऱ्या रोज बसस का?”

वरच्या मजल्यावर इंदुबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या बादलीचा आवाज थांबला.

खरं तर सुधा छातीठोकपणे ‘हो’ म्हणू शकत होती. झबलं गेलं त्याच संध्याकाळी निखिल आपण होऊन मोकळा झाला होता आणि तेव्हापासून वहीत रोज हिरवी खूण होती. हा योगायोग आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. पण योगायोगाला पुन्हा घरात कशाला घ्यायचं? तिनं पट्टीवरची अट म्हणून दाखवली आणि कडी लावून घेतली.

सरलाबाई घरी पोचल्या, तेव्हा झबलं उतरवलेल्या बाळानं चार दिवसांची उधारी योगेंद्रच्या नव्या लुंगीवर चुकती केली होती. दुसरी कुणी असती तर झबल्याचं फडकं करून मोकळी झाली असती. सरलाबाईंना आठवली ती बमरोलीची भाची गायत्री. तिच्या पोराला दात येत होते आणि दिवसाला दहा लंगोट पुरत नव्हते. झबलं सकाळी बमरोलीला पोचलं, संध्याकाळी लंगोट दोरीवर कोरडे लोंबत होते.

मग झबल्याला उसंत मिळेना. आंब्याच्या दिवसांत तर ते बमरोलीहून परस्पर कडोदऱ्याला जायचं. दोन तासांच्या वर घालायचं नाही, अशी सरलाबाईंची सक्त सूचनाही सोबत असायची. एका घरानं हौसेनं रात्रभर ठेवलं, त्यांना मग एरंडेल शोधत फिरावं लागलं.

मे महिन्यात निखिलनं दोन वाट्या आमरस खाल्ला. वहीचं पान दुपारपर्यंत भरलं आणि समासातही लिहावं लागलं. सुधानं मीठ-साखरेचं पाणी दिलं, डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दोन दिवस वाट बघा. झबल्याची कीर्ती इंदुबाईंकडून तिच्याही कानावर आली होती. तिसऱ्या दिवशी तिनं निखिलला कडेवर घेतलं आणि मागची गल्ली गाठली. इंदुबाईंनी वरून कुठे निघालात विचारलं, तेव्हा तिनं दळणाचं सांगितलं. हातात डबा नव्हता.

सरलाबाई दारात साड्यांचे लोंबते धागे कापत बसल्या होत्या. सुधानं आधी बाळाची चौकशी केली, मग योगिताची, मग लूमची. शेवटी म्हणाली, “ते झबलं... परत मिळेल का? आठवण म्हणून हवं होतं.”

सरलाबाईंनी निखिलकडे पाहिलं, त्याच्या ओल्या चड्डीकडे पाहिलं आणि कात्री चालू ठेवत शुद्ध हिंदीत म्हणाल्या, “बिका हुआ माल वापस नहीं होगा.”

सुधा जायला वळली. चड्डीतून आणखी एक आवाज आला.

“थांबा ताई. आंगडं कडोदऱ्याले शे, शुक्रवारी येई. टोपडं शे घरमा. त्यानं निम्मं काम व्हस.”

निखिलचं डोकं टोपड्यात शिरेना. सुधानं आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते त्याच्या गुडघ्यावर बांधलं आणि वर गाठ मारली.

संध्याकाळी बँकेतून आल्यावर मुकुंदनं पायाला काय झालं म्हणून विचारलं.

“पडला,” सुधा म्हणाली आणि वहीत हिरव्या पेनानं खूण केली. निम्मी.