पेशीची तारीख

संशोधक बाईंनी धाकट्या भावाच्या दंडाची चिमूटभर कातडी घेऊन तिच्यापासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवल्या. भावाचं भुकटीचं व्यसन चारदा सुटलं होतं आणि पाचदा लागलं होतं. मेंदू नशेला नेमका कुठे भुलतो हे कळलं, तर सहाव्यांदा लागणार नाही, अशी बाईंना आशा होती. पेशी काचेच्या बशीत जेमतेम साठ दिवस जगणार होत्या. प्रयोगाला मोहरीएवढं शुद्ध मादक द्रव्य हवं होतं. बाईंनी रीतसर अर्ज केला : ‘पेशींना मादक द्रव्य देण्यास परवानगी मिळणेबाबत.’

परवाना कचेरीतल्या कारकुनाला पेशी म्हणजे सुनावणी एवढंच ठाऊक होतं, आणि वीस वर्षं त्याने पेशीला एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे तारीख. त्याने अर्ज सुनावणीच्या गठ्ठ्यात घातला आणि चाळिसाव्या दिवसाची तारीख दिली.

“पेशी हजर का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, त्या बशीत आहेत.”

“बसू द्या. पण इथे येऊन बसायला हवं. वय?”

“चाळीस दिवस.”

“म्हणजे अज्ञान. पालकाची संमती आणा.”

पेशी भावाच्या, म्हणजे पालक भाऊच. पण व्यसनी माणसाची संमती ग्राह्य नसते. त्यामुळे आधी त्याचा व्यसनमुक्तीचा दाखला मागवण्यात आला. दाखल्यासाठी उपचार हवा होता आणि उपचार त्या बशीत अडकला होता. पुढची तारीख पासष्टाव्या दिवसाची पडली.

भाऊ म्हणाला, “ताई, एवढ्याशासाठी कशाला जीव टाकतेस? कोपऱ्यावर दहा मिनिटांत मिळतं.”

“मला परवानगी लागते रे.”

“मला कुणी कधी विचारली नाही बघ.”

बाईंना हसूही आलं आणि रडूही. एकसष्टाव्या दिवशी पेशी मेल्या. पासष्टाव्या दिवशी साहेबांनी दोन मिनिटं उभं राहून आदेश दिला : ‘सदर पेशी अखेरच्या श्वासापर्यंत व्यसनापासून अलिप्त राहिल्या. सबब व्यसनमुक्तीचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी. प्रकरण दप्तरी दाखल.’

आदेश घेऊन बाई घरी आल्या, तेव्हा दार उघडं होतं आणि भाऊ घरात नव्हता. तो कोपऱ्यावर गेला होता. तिथे तारीख पडत नाही.

तो कोपरा कुठला, हे मी सांगत बसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तिथून जाताना तुम्ही मुलाचा हात घट्ट धरता आणि जरा भरभर चालता.